शेवटच्या सेशननंतर त्या मुलाचं काय झालं? मुलांच्या मानसिक उपचारांचे नियम ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

मुलांच्या मानसिक आरोग्याच्या योजना आखणारे, त्यांना पैसा देणारे आणि उपचार केंद्रं चालवणारे, अशा सगळ्यांना,

नमस्कार.

मी डॉक्टर नाही, काउन्सेलर नाही, कुठल्या संघटनेची तर अजिबातच नाही. एका पंधरा वर्षांच्या मुलाची आई आहे, आणि ज्या केंद्रात त्याचे उपचार झाले तिथे दारावर चिकटवलेला नवा नियम गेल्या आठवड्यात वाचून आले तेव्हापासून डोकं शांत होत नाहीये म्हणून हे लिहितेय. नियम साधाच आहे. यापुढे प्रत्येक मुलाला जास्तीत जास्त आठ सेशन. आठव्या सेशनला फॉर्म भरून घ्यायचा आणि केस बंद. उपचार संपल्यावर तीन महिन्यांनी एक फोन यायचा तोही बंद, कारण त्यात स्टाफचा वेळ जातो. परत त्रास झालाच तर नव्याने नोंदणी करा, म्हणजे रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहा. आणि हे सगळं कशासाठी, तर खाली लिहिलंय, जास्तीत जास्त मुलांपर्यंत पोहोचण्यासाठी.

वेटिंग लिस्ट किती लांब आहे हे मला माहितीये, मी स्वतः त्या लिस्टमध्ये दोनदा बसलेय. त्यामुळे हा नियम कुणी दुष्टपणाने केलाय असं मी म्हणत नाही. तुमच्यासमोर चारशे नावं असतील आणि काउन्सेलर तीन, तर मीही कदाचित असाच काहीतरी भागाकार केला असता. पण त्या भागाकारात एक आकडा कुणी धरलेलाच नाही, आणि तो म्हणजे बंद झालेल्या फाइलमधली किती मुलं दोन वर्षांनी, पाच वर्षांनी खरंच बरी असतात.

आमचं सांगते.

मुलगा नऊ वर्षांचा असताना शाळा म्हटलं की पोटात दुखायचं. आधी आम्हाला वाटलं नाटक करतोय, मग पोटाच्या तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल, मग कुणीतरी सांगितलं की हे पोटाचं नाही, भीतीचं आहे. वर्गात उठून वाचायला सांगतील या भीतीने त्याचे हातपाय गार पडायचे. बारा सेशनची थेरपी झाली, सीबीटी म्हणतात ती, म्हणजे भीतीचे विचार ओळखून बदलायला आणि घाबरवणारी गोष्ट हळूहळू करून बघायला शिकवणारी. त्यातली मला आठवते ती शिडी. कार्डशीटवर दहा पायऱ्या काढलेल्या, सगळ्यात खालची "गेटपासून वर्गापर्यंत एकटा जाणे", सगळ्यात वरची "वर्गासमोर उभं राहून मोठ्याने वाचणे". एक पायरी जमली की एक चांदणी चिकटवायची. ती कार्डशीट आमच्या कपाटाच्या दाराला आतून लावलेली होती, शाळेत जायच्या आधी तो दार उघडून बघून घ्यायचा. नऊ चांदण्या पूर्ण लागल्या. दहावी अर्धी लागली, म्हणजे अक्षरशः कात्रीने अर्धी कापून, कारण वर्गासमोर वाचायचं राहूनच गेलं, मॅडमसमोर आणि दोन रिकाम्या खुर्च्यांसमोर वाचलं तेवढ्यावर बारावं सेशन संपलं.

त्या दिवशी त्याला एक फॉर्म दिला. पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, तुला आता कसं वाटतं त्यावर खूण कर. त्याने सगळ्यात हसऱ्या चेहऱ्यावर खूण केली. जिना उतरताना मी म्हटलं, अरे वा, एवढं छान वाटतंय? तर म्हणाला, "मॅडम समोरच बसल्या होत्या ना, त्यांना वाईट वाटलं असतं."

तीन महिन्यांनी तो फोन आला. माझे हात पिठाने भरलेले, खांद्यात फोन पकडून मी म्हटलं हो हो छान आहे, शाळेत जातो. दीड मिनिट. पण निदान कुणीतरी विचारलं होतं. आणि ते खोटंही नव्हतं, पुढची अडीच-तीन वर्षं खरंच बरी गेली. मग तेराव्या वर्षी वर्ग बदलला, प्रोजेक्ट सगळ्यांसमोर उभं राहून सादर करायचे दिवस आले, आणि एकेक करून सगळं परत आलं, पण या वेळी पोटदुखी नव्हती, या वेळी दार लावून घेणं होतं, रात्रभर जागणं होतं, आणि "मी असाच आहे, माझ्यावर उपाय नाही, केला होता ना एकदा" हे वाक्य होतं. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त लागलं. केंद्रात परत गेलो तर नवीन नोंदणी, सात आठवडे थांबा, जुनी फाइल सापडत नाही. नवीन काउन्सेलरने पहिल्या दिवशी विचारलं, काय त्रास होतो, सुरुवातीपासून सांग. तो उठून बाहेर आला. म्हणाला, सगळं परत सांगणार नाही.

मग मी वाचायला लागले. आई आहे म्हणून वाचलं, चुका काढायला नाही. आणि जे वाचलं त्याने एका बाजूला धीर आला आणि दुसऱ्या बाजूला तुमचा राग आला, कारण यातलं गुपित असं काहीच नाहीये, तुमच्या क्षेत्रातल्या लोकांनीच शोधून छापलेलं आहे.

आधी धीराचं, कारण माझं पत्र दाखवून कुणी "बघा, या थेरपीबिरपीचा काही उपयोग नसतो" म्हणायला नको. उपयोग होतो. अमेरिकेत भीती आणि चिंतेचा आजार असलेल्या ७ ते १७ वर्षांच्या ४८८ मुलांवर एक मोठी चाचणी झाली, २००८ मध्ये निकाल आले. बारा आठवड्यांनी थेरपी आणि गोळ्या दोन्ही मिळालेल्यांपैकी ८०.७ टक्के मुलं चांगलीच सुधारली होती, नुसत्या थेरपीने ५९.७, नुसत्या गोळ्यांनी, म्हणजे सर्ट्रालिन या औषधाने, ५४.९, आणि खोट्या गोळीवर फक्त २३.७. म्हणजे माझ्या मुलाला जे दिलं ते योग्यच होतं. त्या मॅडमनी काम उत्तम केलं होतं, हे मी आजही म्हणते.

पण त्या संशोधकांनी फाइल बंद केली नाही. त्यातल्या ३१९ जणांना त्यांनी काही वर्षांनी परत गाठलं आणि पुढे चार वर्षं दरवर्षी तपासलं. २०१८ मध्ये आलेला निकाल असा, की त्या सगळ्या काळात सलग बरी राहिलेली मुलं साधारण २२ टक्के. ३० टक्के मुलांचा आजार कायमच राहिला. आणि ४८ टक्के मधली, म्हणजे कधी बरी, कधी परत आजारी. माझा मुलगा या अठ्ठेचाळीसमधला आहे, आणि तुमच्या रजिस्टरमध्ये मात्र तो बरा झालेल्यांत मोजला गेला असणार, हसऱ्या चेहऱ्यासकट.

आता तक्रारी सांगते.

पहिली, तुम्ही चुकीच्या दिवशी मोजता. शेवटचं सेशन हा मोजायला सगळ्यात वाईट दिवस आहे, त्या दिवशी मुलाला मॅडम आवडायला लागलेल्या असतात, आई-बापाला आशा असते, काउन्सेलरलाही केस नीट संपवायची असते. आणि आवडणं वेगळं, बरं होणं वेगळं. १९३९ मध्ये अमेरिकेत केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत ५०६ मुलगे घेऊन एक प्रकल्प सुरू झाला, निम्म्यांना वर्षानुवर्षं समुपदेशक, घरी भेटी, शिकवण्या, शिबिरं, सगळं. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड नावाच्या बाईंनी ती मुलं, म्हणजे आता बाप्ये झालेली, शोधून काढली. दोन तृतीयांश लोक म्हणाले की आम्हाला त्याचा फायदा झाला. आणि रेकॉर्ड काय सांगत होते, तर ज्यांना मदत मिळाली ते न मिळालेल्यांपेक्षा बरे नव्हते, उलट काही बाबतीत जास्त वाईट अवस्थेत होते. १९७८ मध्ये हे छापून आलंय. इतकी वर्षं झाली आणि आपण अजून पाच चेहऱ्यांवर आहोत.

घाईने मोजलं की उलटी चूकही होते. किशोरवयीन मुलांच्या डिप्रेशनवर ४३९ जणांची चाचणी झाली होती, २००४ मध्ये बारा आठवड्यांचे निकाल आले, थेरपी आणि फ्लुओक्सेटिन नावाची डिप्रेशनवरची गोळी एकत्र मिळालेले ७१ टक्के सुधारले, नुसती थेरपी मिळालेले फक्त ४३. तिथेच थांबले असते तर थेरपी फेल म्हणून मोकळे झाले असते. ३६ आठवड्यांनी पाहिलं तर एकत्रवाले ८६ आणि नुसत्या थेरपीवाले ८१. थेरपीला वेळ लागला एवढंच. तुमचं आठवं सेशन कितव्या आठवड्यात येतं ते तुम्हीच बघा. आणि त्यातल्याच १९६ मुलांना पाच वर्षांपर्यंत पाहिलं तेव्हा जवळपास सगळी त्या पहिल्या डिप्रेशनमधून बाहेर आलेली होती, पण बाहेर आलेल्यांपैकी ४६.६ टक्क्यांना ते परत झालं. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत, मुलं बरी होतात आणि निम्म्यांना परत होतं. दुसऱ्या अर्ध्या भागासाठी तुमच्याकडे काय सोय आहे? नवीन नोंदणी.

दुसरी तक्रार, उपचार थांबवायचे आणि मग परिणाम टिकला नाही म्हणून उपचारांनाच नावं ठेवायची. लक्ष न लागणारी, अतिचंचल मुलं, एडीएचडी म्हणतात ते, त्यांच्यावरची सगळ्यात गाजलेली चाचणी म्हणजे ५७९ मुलं, १४ महिने, निकाल १९९९. त्या १४ महिन्यांत गोळ्यांचं काटेकोर नियोजन होतं, दर महिन्याला भेट, शिक्षकांकडून माहिती, डोस बघून बदलणं, आणि लक्षणं खरंच कमी झाली, नेहमीच्या दवाखान्यात जाणाऱ्यांपेक्षा जास्त. तीन वर्षांपर्यंत सगळे गट सारखे झाले, फरक पुसला गेला. हे वाचून कितीतरी लोक म्हणतात, घ्या, गोळ्यांचा उपयोग नाही. अहो, १४ महिन्यांनी ती दर महिन्याची देखरेखच संपली होती ना, ज्याने त्याने आपापलं बघायचं होतं. चष्मा वर्षभर दिला, मग काढून घेतला, आणि तीन वर्षांनी विचारतोय की फळा का दिसत नाही. अर्थात उलट बाजूही आहे, पुढे मोठेपणी पाहिलं तेव्हा सातत्याने गोळ्या घेतलेल्यांची उंची काहीशी कमी भरली, आणि म्हणूनच तर म्हणतेय की वर्षानुवर्षं गोळ्या चालू असलेल्या मुलाकडे कुणीतरी वर्षानुवर्षं बघायला पाहिजे. प्रिस्क्रिप्शन रिपीट करणं म्हणजे बघणं नाही.

तिसरी, सोडून गेलेली मुलं. मुलांच्या मानसिक उपचारात मधेच सोडणाऱ्यांचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत २८ ते ७५ टक्के सापडलंय. एवढा मोठा फरक का, तर "सोडलं" कशाला म्हणायचं हेच प्रत्येकाने वेगळं ठरवलंय. तुमच्या अहवालात ही मुलं कुठे असतात? मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं "केस क्लोज्ड". बरी झालेली पण क्लोज्ड, कंटाळून गेलेली पण क्लोज्ड.

चौथी आठ या आकड्याची. तो आला कुठून? प्रत्येकाला वीस सेशन द्या असं मी म्हणत नाही. एखाद्या मुलाला फक्त कुत्र्याची किंवा इंजेक्शनची भीती असेल तर तीनेक तासांचं एकच मोठं सेशन पुरतं, त्याचे चांगले अभ्यास आहेत, मग त्याला आठ कशाला? आणि जिला चिंता आहे, डिप्रेशन आहे, घरात मारहाणही आहे, तिला आठमध्ये काय होणार, चौथ्या सेशनपर्यंत तर ती तोंडही उघडत नाही. पन्नास वर्षांतल्या ४४७ चाचण्या, तीस हजारांवर मुलं, असा एकत्र हिशेब २०१७ मध्ये मांडला गेला, त्यात उपचारांचा परिणाम चिंतेवर सगळ्यात जास्त, डिप्रेशनवर सगळ्यात कमी, आणि एकाच वेळी अनेक त्रास असतील तर जवळपास दिसलाच नाही. सगळ्यांना एकच माप लावताना हे कुणी समोर ठेवलं होतं का? शिवाय त्या सगळ्या चाचण्यांत उपचारानंतर पुन्हा पाहिलं ते सरासरी ११ महिन्यांनी. म्हणजे मूल नऊ वर्षांचं असताना उपचार झाले तर दहाव्या वर्षापुढचं कुणाला फारसं माहीतच नाही, आणि आपण मात्र "लवकर उपचार, आयुष्यभर फायदा" अशी पोस्टर लावतो.

शाळेत सगळ्या वर्गाला एकदम काहीतरी शिकवून टाकलं की झालं, हाही एक उपाय तुमच्या कागदावर आहे. ब्रिटनमध्ये ८५ शाळांत, आठ हजारांवर मुलांवर माइंडफुलनेसचा, म्हणजे शांत बसून श्वासाकडे आणि मनाकडे लक्ष द्यायला शिकवण्याचा, असा प्रयोग करून पाहिला, २०२२ मध्ये निकाल आला, नेहमीच्या शाळेपेक्षा काहीही वेगळं निघालं नाही. त्यांनी निदान मोजलं तरी. यापेक्षा जास्त त्यावर लिहित नाही.

आणि अठरावा वाढदिवस. आम्हाला अजून तीन वर्षं आहेत पण मला आत्तापासून धडकी भरते. इंग्लंडमध्ये पाहिलं गेलं की मुलांच्या विभागातून मोठ्यांच्या विभागात जाताना ज्यांची नीट सोय लागली, म्हणजे आधी बैठक, माहिती पुढे दिली, दोन्हीकडचे काही काळ एकत्र, अशी मुलं ५ टक्क्यांहून कमी. आणि मानसिक आजारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत आणि पाऊणएक चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू होतात असं तुम्हीच भाषणात सांगता. म्हणजे सगळ्यात गर्दीच्या काळात मधोमध दार.

मला काय हवंय ते आता सरळ सांगते.

तीन महिन्यांचा फोन बंद करू नका, उलट सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षं आणि पाच वर्षं असे चार वाढवा. त्यासाठी डॉक्टर लागत नाही. २५ प्रश्नांची एक प्रश्नावली १९९७ पासून जगभर वापरली जाते, आई-वडिलांसाठी वेगळी, शिक्षकांसाठी वेगळी, मोठ्या मुलांसाठी वेगळी, पाच-सात मिनिटांत भरून होते. उपचाराच्या आधी भरून घ्या आणि मग या चार वेळी तीच परत. आणि फोन करणारी व्यक्ती ज्यांनी उपचार केले ती नको.

दरवर्षी आकडे जाहीर करा. किती मुलं आली, किती मधेच गेली, किती जणांशी दोन वर्षांनी संपर्क झाला, किती बरी होती. जी सापडली नाहीत त्यांचा आकडाही छापा, ती बऱ्यांमध्ये ढकलू नका. आकडे वाईट निघाले म्हणून केंद्राचा पैसा कापणार असाल तर कुणी खरे आकडे देणार नाही, त्यामुळे तेही लिहून द्या की कापणार नाही.

परत आलेल्या मुलाला नवीन समजू नका. जुनी फाइल किमान पंचवीस वर्षांचा होईपर्यंत ठेवा, दोन आठवड्यांत कुणीतरी भेटेल एवढं बघा, आणि शक्य असेल तर जुनीच काउन्सेलर. आमच्यासारख्याला कदाचित तीनच सेशन पुरली असती, दहावी पायरी तेवढी राहिली होती. रांगेचं म्हणाल तर आमचे दुसऱ्या वेळचे सेशन सोळा झाले. त्या सोळामध्ये रांगेतली दोन मुलं बसली असती तुमच्या आठच्या हिशेबाने.

शाळा बदलते, वर्ग बदलतो, घर मोडतं, अशा वेळी न मागता एखाद-दुसरं सेशन ठेवा. सेशन किती, हे नोटीस बोर्डाने ठरवू नये, काउन्सेलरने ठरवावं, आणि दर चार सेशननंतर सुधारणा होतेय का ते बघून ठरवावं, नसेल होत तर त्याच उपचाराचे आणखी आठ देण्यापेक्षा उपचार बदलावा. गोळ्या चालू असतील तर उंची, वजन, झोप आणि "अजून लागतात का" हा प्रश्न, वर्षातून एकदा तरी. अठराव्या वर्षाच्या आधी सहा महिने दोन्ही विभागांची एक बैठक, मुलासमोर.

हे पत्र पाठवायच्या आधी मी मुलाला वाचायला दिलं, त्याच्याबद्दल आहे तर त्याची परवानगी हवी. त्याने पिठाचे हात काढून टाक म्हटलं, फालतू वाटतं म्हणे. ते मी ठेवलंय. शिडीचं राहू दे म्हणाला. आणि एक मागणी त्याने स्वतः सांगितली, त्याच्याच शब्दांत लिहिते: "तो चेहऱ्यांचा फॉर्म मॅडम खोलीत नसताना भरायला द्या. आणि पेन्सिलने नको, पेनाने, कारण मी आधी मधल्या चेहऱ्यावर खूण केली होती."

आपली,
एक आई